टीप कोणासाठी? : आज्ञावलीतील भाष्याचा नैतिक विचार

१

संगणकाची आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच एक गोष्ट बजावून सांगितली जाते : आज्ञांच्या जोडीने टिपा लिहा. वर्गात जिला सर्रास 'कॉमेंट' म्हटले जाते त्या या टिपेचे वैशिष्ट्य असे, की ती यंत्रासाठी नसते. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत ओळीच्या पहिल्या रकान्यात 'सी' हे अक्षर असले की ती ओळ यंत्र सोडून देई. १९६४ च्या बेसिकमध्ये 'रेम' या शब्दाने, सी भाषेत तिरकी रेघ आणि तारका यांच्या जोडीने, आणि आज बहुतेक महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या पायथनमध्ये 'हॅश' या चिन्हाने तेच साधले जाते. चिन्ह आले की पुढचा मजकूर यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. म्हणजे आज्ञावली ही एकाच पृष्ठावर दोन वाचकांसाठी लिहिलेली संहिता ठरते. त्यांपैकी एक वाचक आज्ञा पाळतो आणि टीप वगळतो. दुसरा आज्ञा पाळत नाही, पण त्याला दोन्ही वाचावे लागते.

ज्याच्यासाठी आज्ञावली लिहिली असे आपण समजतो त्या यंत्राला जर टिपेची गरज नाही, तर ती लिहिण्याचे कर्तव्य कोठून येते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा सोयीच्या भाषेत दिले जाते. सहा महिन्यांनी आपलीच आज्ञावली आपल्याला कळत नाही, नोकरीत ती दुसऱ्याला दुरुस्त करावी लागते, परीक्षेत टिपांना गुण असतात, वगैरे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. सोय हेच कारण असेल तर ज्याची गैरसोय होणार नाही त्याने टीप लिहिण्याचे काहीच कारण उरत नाही. आणि व्यवहारात जाणत्यांची गैरसोय क्वचितच होते, ती नवख्यांची होते. म्हणून हा प्रश्न असा मांडायला हवा : ज्याला कळते तो ज्याला अद्याप कळत नाही त्याचे काही देणे लागतो काय, आणि लागत असल्यास ते देणे कोणत्या स्वरूपात फेडायचे?

साहित्यविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात हा प्रश्न उपस्थित करण्याचे कारण उघड आहे. टीका, भाष्य, वार्तिक, वृत्ती, टिप्पणी अशी मूळ संहितेशी निरनिराळे नाते सांगणारी नामावली आपल्या परंपरेने घडवली, ती याच प्रश्नाला उत्तर देताना. संगणकाचा विद्यार्थी ज्याला शिस्तीचे एक कलम समजतो त्याच्यामागे अर्थनिर्णयनाचा एक दीर्घ इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण परभणी जिल्ह्यात घडलेले आहे.

२

गोदावरीच्या परिसरातील पार्थपूर या गावी, म्हणजे अभ्यासकांच्या मते आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी येथे, सोळाव्या शतकाच्या आरंभी ज्योतिषगणिताची परंपरा असलेले एक घराणे नांदत होते. या घराण्यातील ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुन्दर' हा ग्रंथ रचला. त्याच्या चिंतामणी या मुलाने वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा मुलगा सूर्यदास. त्याने भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर १५३८ मध्ये 'सूर्यप्रकाश' आणि 'लीलावती'वर १५४१ मध्ये 'गणितामृतकूपिका' या टीका लिहिल्या. गीतेवरील 'परमार्थप्रपा' ही टीकाही त्याचीच. याच सूर्यदासाने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले, ज्यातील श्लोक डावीकडून वाचला तर रामाची कथा सांगतो आणि उलट वाचला तर कृष्णाची. वाचकाची अधिकाधिक कसोटी पाहणारी रचना करणारा पंडित आणि वाचकाची वाट सुकर करणारा टीकाकार एकाच देहात वसत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुर्बोधता आणि विवरण या दोन वेगवेगळ्या कुवतीच्या माणसांच्या गोष्टी नव्हेत. एकाच माणसाने वेगवेगळ्या वाचकांविषयी घेतलेले ते निर्णय आहेत.

गणितग्रंथांना टीका का लागत असे? कारण त्यांतील सूत्र ही कृती होती, आणि कृती शक्य तितक्या कमी अक्षरांत बांधलेली असे. त्रैराशिकाचे उदाहरण घ्या. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे, इच्छाफल मिळते. हे सूत्र पाठ करणाऱ्याला उत्तर काढता येते. यंत्राप्रमाणे तो ते विनातक्रार पाळू शकतो. परंतु ही कृती बरोबर का आहे, हे सूत्र सांगत नाही. ते सांगणे त्याचे कामही नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला आणि त्याच्या ग्रहगणित व गोल या भागांवर स्वतःच 'वासनाभाष्य' लिहिले. आपल्याच सूत्रांना आपणच भाष्य जोडण्याची ही कृती आज्ञावलीच्या लेखकाने आपल्याच आज्ञांना टीप जोडण्याच्या फार जवळची आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. तीत त्याने सूत्रांच्या उपपत्ती दिल्या, म्हणजे नियम का चालतो याची कारणे मांडली. पाथरी आणि नांदगाव येथील या दोन टीकांमध्ये जेमतेम चार वर्षांचे अंतर आहे. एकाच मूळ ग्रंथावर एकाच पिढीतील दोन जाणत्यांना स्वतंत्रपणे टीका लिहाविशी वाटली, यावरून 'लीलावती' त्या काळी किती शिकवली जात होती आणि शिकणाऱ्याला केवळ सूत्र पुरत नाही हे शिकवणाऱ्यांना किती स्वच्छ कळले होते, याची कल्पना येते.

टीकेने काय करावे याचाही विचार परंपरेने केलेला आहे. पदे तोडून दाखवणे, पदांचा अर्थ सांगणे, समासाचा विग्रह, वाक्याची जुळणी, आक्षेप आणि त्याचे समाधान ही व्याख्यानाची अंगे मानली गेली. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच्या आह्निकात असा विचार मांडला आहे, की केवळ पदे सुटी करणे म्हणजे व्याख्यान नव्हे. उदाहरण, प्रत्युदाहरण आणि सूत्रात न आलेल्या शब्दांचा अध्याहार हे सारे मिळून व्याख्यान होते. यातील प्रत्युदाहरण महत्त्वाचे आहे. नियम कोठे लागतो हे उदाहरण सांगते, तर कोठे लागत नाही हे प्रत्युदाहरण सांगते. आणि टीकाकारांच्या दोषाविषयी सर्वांत नेमके बोल भोजाने योगसूत्रांवरील 'राजमार्तण्ड' या वृत्तीच्या प्रास्ताविकात ऐकवले आहेत. त्याच्या तक्रारीचा आशय असा, की जेथे खरोखर अवघड असते तेथे टीकाकार 'अर्थ स्पष्ट आहे' म्हणून निसटतात आणि जेथे सारे उघड असते तेथे निरर्थक विस्तार करीत बसतात. अकराव्या शतकातील ही तक्रार आजच्या कोणत्याही संगणक प्रयोगशाळेतील वह्यांना जशीच्या तशी लागू पडते.

३

नवख्या विद्यार्थ्याची टीप कशी असते ते पाहू. आज्ञा अशी असते : मोज बरोबर मोज अधिक १. त्याशेजारी टीप असते : 'मोज या चलात एक मिळवा.' टीप आज्ञेचीच पुनरुक्ती करते. जाणता प्रोग्रॅमर अशा टिपेला हसतो. पण येथे घाईने निकाल देणे अन्यायाचे होईल. पदार्थोक्ती हे व्याख्यानाचे एक मान्य अंग आहे. 'बरोबर' या चिन्हाचा येथील अर्थ गणितातील समतेचा नाही, 'उजवीकडील मूल्य डावीकडे ठेव' असा आहे, हे ज्याला काल कळले त्याला आज ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ही टीप म्हणजे त्याने स्वतःसाठी केलेला अनुवाद आहे. संस्कृत शिकणारा विद्यार्थी पुस्तकाच्या समासात शब्दार्थ लिहितो, तसा. दोष टीप लिहिण्यात नाही. ती स्वतःसाठी लिहिली आहे हे न ओळखता दुसऱ्याला उद्देशून लिहिल्याचा आव आणण्यात दोष आहे. शिकणाऱ्याचे टिपण आणि वाचकासाठीची टीप हे दोन वेगळे लेखनप्रकार आहेत. पहिल्याची मुदत समज येईपर्यंत असते. दुसरा त्यानंतर सुरू होतो. आपल्या अध्यापनात हा भेद केला जात नाही. टिपांची संख्या पाहून गुण दिले की विद्यार्थी आयुष्यभर पहिलाच प्रकार लिहीत राहतो.

दुसऱ्या प्रकारासाठी एक कल्पित पण आपल्याकडील व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. एखाद्या बाजारपेठेत सोयाबीनचे वजन नोंदवणारी लहानशी आज्ञावली आहे असे समजू. तीत एक आज्ञा आहे : निव्वळ वजन बरोबर ढोबळ वजन वजा पोत्यांची संख्या गुणिले ०.६. याला नवखा टीप जोडेल : 'ढोबळ वजनातून पोत्यांचे ०.६ पट वजा करा.' आज्ञेत जे नव्हते असे काहीही या टिपेत नाही. खरी टीप अशी असायला हवी : 'रिकामे तागाचे पोते ६०० ग्रॅमचे धरले आहे. प्लास्टिकच्या पोत्यांना हा आकडा लावू नये. बारदान प्रत्यक्ष तोलून बदलावा.' या टिपेत पहिल्या वाक्याने आकड्याचा उगम सांगितला, दुसऱ्याने त्याची मर्यादा. पतंजलीच्या भाषेत सांगायचे तर अध्याहार आणि प्रत्युदाहरण दोन्ही आले. ती टीप नसेल तर काय होते? समजा पुढे माल प्लास्टिकच्या पोत्यांत येऊ लागला आणि असे पोते दीडशे ग्रॅमचे आहे. आज्ञावली बिनचूक चालत राहील. कोठेही दोष दाखवला जाणार नाही. फक्त दर पोत्यामागे साडेचारशे ग्रॅम आणि १०० पोत्यांमागे ४५ किलो माल शेतकऱ्याच्या हिशेबातून नाहीसा होईल. कोणीही चोरी केलेली नसेल. कोणीतरी एक वाक्य लिहायचे राहिले असेल, एवढेच.

येथे टिपेच्या कर्तव्याचे खरे स्वरूप दिसते. ते देणे केवळ पुढच्या प्रोग्रॅमरचे नाही. आज्ञावली ज्यांच्यावर चालते, पण जे ती कधीही वाचणार नाहीत, त्यांचेही ते देणे आहे. पुढचा वाचक हा त्यांच्या वतीने वाचणारा असतो.

४

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो या व्यवसायातील उत्तम जाणकारांनी घेतलेला आहे. कर्निगन आणि प्लॉगर यांनी १९७४ मध्ये आज्ञावलीलेखनाच्या शैलीवर पुस्तक लिहिले. त्यांचा सल्ला असा, की आज्ञेचा केवळ प्रतिध्वनी असलेली टीप लिहू नये आणि वाईट लिहिलेल्या आज्ञांवर टीप लिहीत बसण्यापेक्षा त्या पुन्हा लिहाव्यात. रॉबर्ट मार्टिन यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात याच्याही पुढे जाऊन, टीप ही लेखकाला आज्ञेतूनच आशय व्यक्त न करता आल्याची कबुली आहे, अशा अर्थाची भूमिका घेतली. चलांना नीट नावे द्या, मोठी कृती लहान कृतींत विभागा, म्हणजे संहिता स्वतःच बोलेल, असा हा विचार आहे. साहित्यविचारात याचा समांतर विचार परिचयाचा आहे : चांगल्या कवितेला तळटीप लागत नाही.

या आक्षेपात तथ्य आहे. वरील उदाहरणात ०.६ ऐवजी 'तागाच्या पोत्याचे वजन' असे नाव दिले असते तर टिपेचा अर्धा भाग आज्ञेतच आला असता, आणि तसे करणे अधिक चांगले. तरीही उरलेला अर्धा भाग कोणत्याही नावात मावत नाही. आज्ञा जे घडते ते सांगते. जे घडवायचे टाळले, जो पर्याय विचारात घेऊन सोडून दिला, जी गोष्ट गृहीत धरली, ते सांगण्यासाठी आज्ञेच्या भाषेत जागाच नाही. 'अमुक कर' याला आज्ञार्थ आहे. 'अमुक का केले नाही' याला आज्ञार्थ नाही. म्हणून संहिता कितीही स्वच्छ केली तरी कारणांचा एक शेष उरतोच.

हा शेष किती महाग पडू शकतो याचा पुरावा जगापुढे आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. आधीच्या एरियान ४ साठी लिहिलेली दिशानिर्धारणाची आज्ञावली त्यात तशीच वापरली होती. तीत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. एरियान ४ च्या मार्गावर ती संख्या मर्यादेत राहणार हे गृहीत होते. एरियान ५ चा मार्ग निराळा असल्याने ती मर्यादेबाहेर गेली. अशा सात चलांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तिघांना जाणीवपूर्वक दिले नव्हते. चौकशी मंडळाच्या अहवालातील एक निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : तिघांना संरक्षण न देण्याच्या निर्णयाचे समर्थन प्रत्यक्ष संहितेत कोठेही नोंदवलेले आढळले नाही, आणि कागदपत्रांच्या ढिगात ते गृहीतक बाहेरच्या परीक्षकांपासून नकळत झाकले गेले. निर्णय घेतला गेला होता, त्याला कारणही होते. ते कारण आज्ञेच्या शेजारी नव्हते, एवढाच दोष.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्ये मांडलेली 'साक्षर आज्ञावली'ची कल्पना हा या आक्षेपाला दुसऱ्या टोकाचा प्रतिसाद आहे. त्यांच्या मते लेखकाने यंत्राला काय करायचे ते सांगण्यापेक्षा, यंत्राकडून आपल्याला काय करून हवे आहे ते माणसांना समजावून सांगणे हे आपले मुख्य काम मानावे. आज्ञा त्या निवेदनाच्या ओघात याव्यात. येथे टीका मूळ संहितेची सेविका राहत नाही, मूळ संहिताच टीकेच्या कुशीत जाते. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सिद्ध झाली, तेव्हा आपल्या भाषेतील एका थोर ग्रंथाने टीका म्हणूनच जन्म घेतला. मात्र क्नुथ यांची पद्धत फारशी रूढ झाली नाही. ती पेलण्यासाठी आज्ञा आणि गद्य या दोहोंवर सारखेच प्रभुत्व लागते, आणि नवख्याकडून त्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

५

आतापर्यंत टिपेची उपयुक्तता पाहिली. आता अधिक मूलगामी मुद्द्याकडे वळू. १९४६ साली विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी असे प्रतिपादन केले, की कवीचा हेतू हा कवितेच्या यशापयशाचा निकष म्हणून उपलब्धही नाही आणि इष्टही नाही. पुढे बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. मराठी समीक्षेत या विचारांची भरपूर चर्चा झाली आहे. कवीने स्वतःच्या कवितेवर लिहिलेली टीप ही इतर वाचकांच्या टिपांसारखीच एक, तिला विशेष अधिकार नाही, हे आता आपण जवळजवळ गृहीत धरतो.

आज्ञावलीच्या बाबतीत ही भूमिका टिकत नाही, आणि का टिकत नाही हे पाहणे उद्बोधक आहे. आज्ञावलीत 'चूक' कशाला म्हणायचे? यंत्र नेहमी लिहिल्याप्रमाणेच करते. त्याच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक आज्ञावली, ती जशी आहे तशी, निर्दोष असते. ती जे करते तेच तिचा अर्थ. जे व्हायला हवे होते आणि जे झाले यांत अंतर आहे असे म्हणायचे असेल तर 'व्हायला हवे होते' याचा उल्लेख आज्ञेबाहेर कोठेतरी असावा लागतो. कधी तो मागणीपत्रात असतो, कधी चाचणीत, कधी लेखकाच्या मनात. मनातला हेतू लेखकाबरोबर निघून जातो. टिपेतला राहतो. म्हणजे टीप लिहिली की आज्ञा चुकीची ठरण्याची शक्यता प्रथम निर्माण होते. वरील उदाहरणात 'तागाचे पोते धरले आहे' असे लिहिले असेल तर प्लास्टिकच्या पोत्याला तो आकडा लावणे ही चूक ठरते, शेतकऱ्याला तक्रारीला जागा मिळते. लिहिले नसेल तर ती फक्त यंत्राची रीत असते.

या अर्थाने टीप हे स्वतःला बांधून घेणे आहे. 'मी हे अमुक हेतूने केले' असे लिहिणारा पुढच्या वाचकाच्या हाती आपल्याला जाब विचारण्याचे साधन देतो. येथे हेतूला अधिकार मिळतो तो लेखकाच्या थोरवीमुळे नव्हे. त्याने आपला हेतू परीक्षेसाठी उघड केला म्हणून. कवी असे वचन देत नाही, म्हणून त्याला त्यावरून दोषही देता येत नाही. आज्ञावलीकार इतरांच्या पैशावर, प्रवासावर, औषधाच्या मात्रेवर चालणारी संहिता लिहितो. त्याने वचन न देता मोकळे राहणे हे स्वातंत्र्य नव्हे, पळवाट आहे.

याचीच दुसरी बाजू अशी, की टीप खोटी असू शकते. आज्ञेतील व्याकरणदोष यंत्र पकडते. टिपेतील असत्य कोणीही पकडत नाही. आज्ञा बदलली आणि टीप तशीच राहिली तरी आज्ञावली चालत राहते. समजा आकडा ०.६ चा ०.१५ केला आणि शेजारी 'तागाचे पोते' हे शब्द कायम राहिले. आता तीच टीप वाचकाची दिशाभूल करते. लिहिताना ती खरी होती, म्हणून तिला खोटे म्हणावे का? लेखकाने असत्य लिहिले नाही, सत्य जपले नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकलाकारांच्या हातून पाठ बिघडत गेले होते. संहिता आणि भाष्य यांची जोडी एकदा जुळवून भागत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या जुळती ठेवावी लागते. आज्ञावलीच्या पृष्ठावर टीप ही अशी एकमेव जागा आहे, जिची शुद्धता यंत्र तपासत नाही. ती केवळ लिहिणाऱ्याच्या सचोटीवर उभी असते. नवख्याला टीप लिहायला शिकवण्याचे सर्वांत सबळ कारण माझ्या मते हेच आहे : कोणी तपासत नसताना खरे लिहिण्याचा तो पहिला सराव असतो.

६

आपल्याला कळले नाही ते कळले नाही असे सांगणे हाही या सचोटीचाच भाग. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, एका प्रक्रियेकडून दुसरीकडे नियंत्रण नेणाऱ्या अवघड भागाजवळ, हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही अशा आशयाची एक टीप होती. ती फार गाजली आणि पुष्कळांना उर्मट वाटली. डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला, की हा भाग परीक्षेला नाही असे शिक्षक म्हणतात त्या भावनेने ती लिहिली होती. आणि खरी अडचण ही होती, की तेथे काय चालले आहे ते तेव्हा आम्हालाही नीट कळलेले नव्हते. भोजाने ज्याला नावे ठेवली त्या 'स्पष्ट आहे'चे हे भावंड. दोन्ही ठिकाणी अवघड जागेवर दार लावून घेतले जाते. फरक एवढा, की रिचींनी मागाहून दारामागचे खरे कारण सांगितले.

त्याच आवृत्तीवर ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. एका खंडात मूळ संहिता, दुसऱ्यात ओळवार विवरण. हा शब्दशः टीकाग्रंथ होता. पुढच्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ संहिता वर्गात शिकवण्यास मनाई केली. तेव्हा हे भाष्य छायाप्रतींवरून छायाप्रती काढत जगभर पसरले, आणि १९९६ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाले. मुद्रणपूर्व काळात पोथ्या जशा फिरत तसेच हे झाले. शिकणाऱ्यांनी एवढी धडपड करून जे मिळवले ते मूळ संहिता आणि तिचे भाष्य असे जोडीने मिळवले, ही गोष्ट बोलकी आहे.

७

शेवटचा प्रश्न भाषेचा. पायथनसारख्या भाषेतील आज्ञाशब्द इंग्रजीवरून घेतलेले आहेत. त्यात नवख्याला निवड नाही. टीप ही मात्र अशी जागा आहे जेथे भाषा लिहिणाऱ्याच्या हाती असते. देवनागरीचा अंतर्भाव असलेले युनिकोड १९९१ मध्ये आले आणि आज मराठीत टीप लिहिण्यात तांत्रिक अडथळा उरलेला नाही. तरीही मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी टीप इंग्रजीतच लिहितो, आणि पुष्कळदा पुस्तकातून उतरवून काढतो. जी जागा त्याच्या समजुतीची असायला हवी ती उसन्या वाक्याने भरली जाते.

महानुभाव पंथाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. 'स्मृतिस्थळा'त आलेल्या कथेनुसार केशिराजांनी संस्कृतातून ग्रंथरचना करू म्हटले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. त्यांचे कारण असे, की त्यामुळे पंथातील सामान्य परिवार वंचित होईल. याचा अर्थ नागदेवाचार्यांचा संस्कृतला विरोध होता असा नव्हे. त्यांनी भाषेची निवड वंचित राहणाऱ्या वाचकावरून केली. हाच निकष टिपेला लावला तर उत्तर एकच एक येत नाही, आणि ते योग्यच आहे. परभणीच्या वर्गातील आज्ञावलीचा पहिला वाचक लिहिणारा स्वतः आणि त्याच्या शेजारचा विद्यार्थी असतो. तेथे इंग्रजी टीप सामान्य परिवाराला वंचित करते. तीच आज्ञावली उद्या चेन्नई किंवा बर्लिन येथील सहकाऱ्यांबरोबर लिहायची असेल, तर मराठी टीप त्यांना वंचित करील. दोन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न एक : या टिपेमुळे कोण बाहेर राहतो?

अलीकडे या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. २०२१ नंतर आज्ञा आणि टिपा दोन्ही लिहून देणारी भाषाप्रतिमाने विद्यार्थ्यांच्या हाती आली. त्यांची टीप सफाईदार असते, व्याकरणशुद्ध असते, हवी तर मराठीतही मिळते. आज्ञा काय करते ते ती बहुधा नीट सांगते, म्हणजे पदार्थोक्ती साधते. परंतु वर म्हटल्याप्रमाणे टीप हे वचन असेल, तर ते देणारा कोणी असावा लागतो. 'तागाचे पोते धरले आहे' हे वाक्य यंत्राने लिहिले आणि विद्यार्थ्याने न वाचता ठेवले, तर ते कोणी धरले? त्या आकड्याबद्दल जाब कोणाला विचारायचा? अशा टिपेला वाक्य आहे, वक्ता नाही. विद्यार्थ्याने ती वाचून, पडताळून, आपली म्हणून स्वीकारली तर प्रश्न मिटतो. पण त्यासाठी जी समज लागते ती स्वतः टिपा लिहूनच येते.

म्हणून नवख्याला सांगायची गोष्ट 'टिपा लिहा' एवढीच असू नये. आज्ञा वाचून जे कळते ते लिहू नकोस, किंवा शिकेपर्यंत स्वतःसाठी लिही आणि मग पुसून टाक. जे गृहीत धरलेस ते लिही. जे करून पाहिलेस आणि सोडलेस ते कारणासह लिही. जे तुला कळले नाही तेथे 'कळले नाही' असे लिही. आज्ञा बदललीस तर टीप बदल. पाथरीच्या सूर्यदासापुढे भास्कराचार्यांचे सूत्र होते, जे टीकेवाचूनही चालत होते. पाठ करणारे करीत होते आणि उत्तरे बरोबर येत होती. तरी त्याने टीका लिहिली. नियम चालणे आणि नियम कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला कळले आहे त्याच्यावर न कळलेल्याचे ऋण आहे, ही जाणीव त्यामागे आहे. यंत्र जे वगळते ते लिहिण्याचे कारण याहून निराळे नाही.